आळशी कोणास म्हणावें?

मनुष्याच्या स्वभावाविषयीं निकाल देण्याची आपणां सर्वांस मोठी घाई असते, आणि तो मनुष्य लहान मूल असेल तर ही घाई दुप्पट होते. अमुक मुलगा आळशी, तमकी मुलगी रडकी, तिसरा उद्धट, चौथा मंद, असे शेरे शिक्षकांच्या खोलींत आणि घरीं जेवतांना रोज मारले जातात. आणि ज्याच्यावर ते मारले जातात तो पुढें पुष्कळ वर्षें त्या शेऱ्याप्रमाणेंच वागूं लागतो. आम्ही हें दुसऱ्यास दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. शेरे मारणारांत आम्हीही होतों, आणि त्यांतील एका शेऱ्याची आठवण अद्याप मनास टोंचते. तीच या लेखाचें कारण आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गांत एक मुलगी होती. आठवीपर्यंत तिची वही इतरांस दाखवावी अशी. अक्षर नेटकें, गृहपाठ पुरा. नववींत ती हळूहळू मंदावत गेली. पहिल्या तासालाच डुलक्या घेई. प्रश्न विचारला तर उत्तर येई, पण जणूं फार लांबून आल्यासारखें येई. अंग स्थूल झालें, आवाज घोगरा झाला, आणि मार्च महिन्याच्या उकाड्यांत पंख्याखालीं थंडी वाजते म्हणून ती जागा बदलून मागूं लागली. आम्हांस वाटलें, निमित्तें सांगते. प्रगतिपुस्तकांत आम्हीं स्वहस्तें लिहिलें : “आळस फार वाढला आहे. पालकांनीं लक्ष द्यावें.” पालकांनीं लक्ष दिलें, आणि तें आमच्यापेक्षां शहाणपणानें दिलें. आई तिला घेऊन दवाखान्यांत गेली. डॉक्टरांनीं गळा चाचपून पाहिला, रक्त तपासावयास पाठविलें, आणि असें निघालें कीं मुलीच्या गळ्यांतील एक ग्रंथि काम करीनाशी झाली आहे. सकाळीं उपाशीं पोटीं घेण्याची एक लहानशी गोळी सुरू झाली. दहावीच्या वर्षीं तिची वही पुन्हां वर्गांत दाखविण्यासारखी झाली. आमचा शेरा मात्र त्या प्रगतिपुस्तकांत जसाच्या तसा आहे.

ही ग्रंथि कोणती, आणि गळ्यांतल्या मांसाच्या एवढ्याशा गोळ्याचा मुलीच्या हुशारीशीं काय संबंध, हें समजावयाचें तर देहाचा कारभार कसा चालतो तें थोडें पाहिलें पाहिजे.

आपल्या शरीरांत निरोप पोंचविणारीं दोन खातीं आहेत. एक तारखातें, दुसरें टपालखातें. तारखातें म्हणजे मज्जासंस्था : मेंदू, पाठीच्या कण्यांतील पृष्ठरज्जु, आणि तेथून बोटांच्या टोंकांपर्यंत गेलेले मज्जातंतु. टपालखातें म्हणजे अंतःस्रावी ग्रंथि. त्या आपला रस नळीवाटे कोठें न नेतां सरळ रक्तांत सोडतात. या रसांस पाठ्यपुस्तकांत ‘संप्रेरकें’ म्हणतात, डॉक्टर मंडळी ‘हार्मोन’ म्हणतात. (आपल्या देशांतील खरें तारखातें २०१३ सालीं बंद झालें, म्हणून आजच्या मुलांस तारेचा अनुभव नाहीं, पण ‘तार आली’ एवढे दोन शब्द ऐकून घरांत कशी धांदल उडे, हें आजी-आजोबांस विचारावें.)

मज्जातंतूंतून जाणारा निरोप विजेचा असतो खरा, पण तांब्याच्या तारेंतील विजेसारखा नव्हे. तंतूच्या आंत व बाहेर सोडियम आणि पोटॅशियम यांचे विद्युद्भारित कण असतात. त्यांची आंत-बाहेर अदलाबदल होते आणि ती लाटेसारखी तंतूच्या लांबीनें पुढें सरकते. जत्रेंतील दाट रांगेंत मागच्यानें दिलेला धक्का जसा माणसें जागच्या जागीं असतांनाही पुढें जातो, तसेंच हें आहे. अतिशय वेगवान् तंतूंत या लाटेचा वेग सेकंदास सुमारें १२० मीटर, म्हणजे तासास चारशें किलोमीटरांहून अधिक असतो. पण एक तंतु संपून दुसरा सुरू होतो तेथें मध्यें बहुधा एक फट असते, एका मिलिमीटराच्या सुमारें पन्नास हजाराव्या भागाइतकी. ती फट वीज ओलांडूं शकत नाहीं. तेथें पहिल्या तंतूच्या टोंकांतून रसायनाचे सूक्ष्म थेंब सुटतात आणि दुसऱ्या तंतूस जागें करितात. ही फट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिच्याकडे पुन्हां यावयाचें आहे.

टपालाची रीत निराळी. ग्रंथीनें सोडलेल्या पत्रावर पत्ता नसतो. तें रक्ताबरोबर सर्व गांवभर फिरतें, प्रत्येक पेशीच्या दारावरून जातें. ज्या पेशीच्या दाराला त्या किल्लीचें कुलूप असेल तीच पेशी तें उघडून वाचते, बाकीच्यांस त्याची दादही नसते. तार क्षणांत येते व क्षणांत संपते. टपाल सावकाश येतें, पण त्याचा परिणाम मिनिटें, तास, कधीं वर्षेंही टिकतो. मुलाची उंची वाढविण्याचें काम तारेनें होण्यासारखें नाहीं, तें टपालाचेंच.

दोन्ही खातीं एकाच वेळीं काम करितांना पाहावयाचीं असतील तर नाहूरच्या फलाटावर उभें राहावें. आमच्या या स्थानकावर जलद लोकल थांबत नाहीं. आपण पुस्तकांत डोकें घालून उभे असतों आणि अचानक भोंगा वाजवीत गाडी समोरून धडधडत जाते. पाय मागें सरतो. तो मागें घ्यावा असा विचार आपण केलेला नसतो. विचार येण्यापूर्वींच पाय सरकलेला असतो. ही तार. त्याच तारेची एक शाखा मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडे गेलेली असते, आणि त्या ग्रंथि ॲड्रिनलिन नांवाचा रस रक्तांत सोडतात. हृदय जोरानें उडूं लागतें, तळहातांस घाम सुटतो, तोंड कोरडें पडतें, पोटाकडील रक्त स्नायूंकडे वळतें. गाडी मुलुंडास पोंचते, तरी इकडे आपलें काळीज धडधडतच असतें. कारण तार संपली, पण पत्रें अद्याप गांवांत फिरत आहेत. थोड्या वेळानें त्याच ग्रंथि कॉर्टिसॉल नांवाचा दुसरा रस वाढवितात. तो देहास लांबच्या झगड्यासाठीं साखर पुरवून देतो. गाडीखालीं सापडण्यापासून वांचण्यासाठीं ही सारी व्यवस्था किती उत्तम आहे! तिच्या योजनेपुढें आम्ही नम्र होतों.

परंतु या व्यवस्थेस एक गोष्ट कळत नाहीं. भोंगा गाडीचा आहे कीं वडिलांच्या चढलेल्या आवाजाचा, हा भेद तिला फारसा करितां येत नाहीं. गणिताच्या वहीवर ओणवें झालेल्या मुलामागें उभें राहून बाप गरजतो, “एवढें साधें येत नाहीं?”, तेव्हां त्या मुलाच्या देहांत तेंच घडतें जें फलाटाच्या कडेवर घडतें. देह पळावयास किंवा झगडावयास सिद्ध होतो; त्रैराशिकास नव्हे. मग मूल गप्प बसतें, पाठ असलेलें विसरतें, आणि बाप म्हणतो, “पाहा, डोकेंच नाहीं.” डोकें आहे, पण या घटकेस तें दुसऱ्या कामीं लागलें आहे. शिक्षकांसही हें तितकेंच लागू आहे. फळ्यापाशीं उभ्या केलेल्या किती मुलांस आम्हीं अशा रीतीनें मुके केलें असेल, तें मोजण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

आतां त्या फटीकडे येऊं. मनुष्याचा उत्साह, उमेद, आनंद या गोष्टी केवळ मनाच्या आहेत, त्यांचा देहाशीं संबंध नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. मुंबईंत घडलेली एक गोष्ट या समजुतीस मोठा धक्का देते. सर्पगंधा ही वनस्पति आपल्या वैद्यांस प्राचीन काळापासून ठाऊक आहे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयांतील हृदयरोगांचे प्रख्यात डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांस या मुळीचें औषध देऊन पाहिलें आणि आपले अनुभव १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें प्रसिद्ध केले. त्यानंतर ही मुळी जगभर गेली; १९५७ सालीं वकील यांस अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें. पण औषध जसजसें पसरलें तसतशी डॉक्टरांस एक विचित्र गोष्ट दिसूं लागली. मोठ्या मात्रेनें औषध घेणारे कांहीं रोगी कोणतेंही संकट आलें नसतां उदास होत. काम सुचेना, झोंपेंत समाधान नाहीं, जगण्यांत गोडी नाहीं. याचें कारण पुढें शोधण्यांत आलें. मज्जातंतूंच्या टोंकांशीं निरोपाचीं रसायनें लहान लहान पिशव्यांत भरून ठेवलेलीं असतात; या मुळींतील रिसर्पिन नांवाचें द्रव्य त्या पिशव्या भरूंच देत नाहीं. तार येते, पण फटींत सोडावयास थेंब नाहीं.

स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन यांनीं १९५७ च्या सुमारास हेंच द्रव्य सशांस टोंचून पाहिलें. ससे कान पाडून निश्चल बसले. हलवले तरी हलेनात. मग त्यांस एल-डोपा नांवाचें द्रव्य दिलें, ज्यापासून मेंदूंत डोपामीन हें रसायन तयार होतें. थोड्याच वेळांत ससे उठून हिंडूं लागले. या शोधाच्या मार्गानें पुढें कंपवाताचें औषध हातीं आलें आणि २००० सालीं कार्लसन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आम्हांस मात्र या हकीकतींत तो निश्चल बसलेला ससाच अधिक दिसतो. कोणी त्याला आळशी म्हटलें असतें, तर तें किती निरर्थक झालें असतें!

येथें एखादा चतुर विद्यार्थी मनांत म्हणेल, “छान झालें! आतां गृहपाठ केला नाहीं तर ग्रंथीवर घालतां येईल.” तसें नव्हे, बाळांनो. आळस नांवाची वस्तु जगांत आहे. आम्हीं ती आरशांतही पाहिली आहे. ज्या मुलाचा उत्साह गृहपाठाच्या वेळीं मावळतो आणि क्रिकेटच्या वेळीं उगवतो, त्याच्या ग्रंथि बहुधा उत्तम आहेत. आमचें म्हणणें इतकेंच कीं जें मूल पूर्वीं एक होतें आणि आतां दुसरेंच झालें आहे, जें खेळांतही मागें राहतें, जें आवडत्या गोष्टींतही थकतें, त्याच्यावर शेरा मारण्यापूर्वीं त्याची प्रकृति पाहावी. उलटाही प्रकार असतो. गळ्यांतील तीच ग्रंथि अति काम करूं लागली तर मूल चिडखोर होतें, हात कांपतात, एका जागीं बसवत नाहीं, खाऊनही अंग वाळतें. आणि आम्ही त्याला उद्धट ठरवून वर्गाबाहेर उभें करितों.

झोंपेविषयींही दोन शब्द लिहिणें भाग आहे. मेंदूच्या मध्यभागीं असलेल्या एका लहानशा ग्रंथींतून अंधार पडल्यावर मेलाटोनिन नांवाचा रस सुटतो व देहास रात्र झाल्याची वर्दी देतो. वयांत येणाऱ्या मुलांत ही वर्दी मोठ्या माणसांपेक्षां उशिरा पोंचते, आणि हातांतील मोबाईलचा प्रकाश ती आणखी लांबवितो. म्हणून चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा रात्रीं अकरापर्यंत टक्क जागा व सकाळीं सहाला मुडद्यासारखा असतो. मोबाईल दूर ठेवणें त्याच्या व त्याच्या आईबापांच्या हातीं आहे. पण उरलेला उशीर त्याच्या देहाचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत असें फर्मावलें, तें चांगलेंच झालें; पण आमच्या मतें ही सवलत लहानग्यांपेक्षां नववी-दहावीच्या मुलांस अधिक हवी होती. हें मत आमच्याच शाळेंतील कित्येक सहकाऱ्यांस मान्य नाहीं, हेंही सांगून टाकतों.

आतां गळ्यांतील ग्रंथीकडे वळूं. तिला पाठ्यपुस्तकांत अवटु म्हणतात, बोलतांना सारे थायरॉईड म्हणतात. श्वासनलिकेच्या पुढें, फुलपांखरानें पंख पसरावे तशी ती बसलेली असते. मोठ्या माणसांत तिचें वजन सुमारें वीस ग्रॅम. देहांतील प्रत्येक पेशीची भट्टी किती जोरानें पेटावी हें तिच्या रसावर ठरतें. तिच्यावर हुकूम चालतो मेंदूच्या तळाशीं टांगलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीचा, आणि पीयूषिकेवर तिच्या वरच्या अधश्चेतकाचा, जो स्वतः मेंदूचाच भाग आहे. म्हणजे तार आणि टपाल या दोन्ही खात्यांची वरची कचेरी एकच. गच्चीवरील टाकींत तरंगता गोळा असतो, पाणी वर आलें कीं तो नळ बंद करितो. तशीच येथें योजना आहे. रक्तांत अवटूचा रस पुरेसा झाला कीं वरची कचेरी हुकूम थांबविते. कमी पडला कीं मोठमोठ्यानें हुकूम सोडते. आमच्या त्या विद्यार्थिनीच्या रक्तांत हे हुकूमच फार वाढलेले आढळले. वरून सारखें ओरडणें चाललें होतें, पण खालीं करणारें कोणी उरलें नव्हतें. तिच्या देहांतील संरक्षक पेशींनीं भ्रमानें स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला केला होता. असा विकार मुलांपेक्षां मुलींत पुष्कळ अधिक आढळतो.

या ग्रंथीचा रस शुद्ध स्वरूपांत प्रथम वेगळा झाला तो १९१४ सालीं, अमेरिकेंत, एडवर्ड केंडॉल यांच्या हातून; आणि दिवस होता २५ डिसेंबर. नाताळच्या दिवशीं हा गृहस्थ प्रयोगशाळेंत काय करीत होता, असें त्याच्या घरच्यांनीं विचारलें असेलच! त्या रसास थायरॉक्सिन म्हणतात, आणि आमच्या विद्यार्थिनीची सकाळची गोळी तीच. थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूंत आयोडीनचे चार अणु असतात. आयोडीन देहास निर्माण करितां येत नाहीं. तें अन्नांतूनच आलें पाहिजे. लागतें तरी किती? मोठ्या माणसास दिवसास १५० मायक्रोग्रॅम; साऱ्या आयुष्याचें एकत्र केलें तरी चहाचा एक चमचा भरणार नाहीं. पण तेवढें न मिळालें तर ग्रंथि रक्तांतील कणन्कण पकडण्यासाठीं फुगत जाते, आणि गळ्याशीं गलगंड लोंबूं लागतो. गलगंड दिसतो तरी. न दिसणारी हानि त्याहून मोठी आहे. गर्भाच्या मेंदूची घडण पहिल्या महिन्यांत आईच्याच थायरॉक्सिनवर होते. तें कमी पडलें तर जन्मणारें मूल बुद्धीनें उणें राहतें, आणि तें उणेपण पुढें कितीही आयोडीन दिलें तरी भरून येत नाहीं. टाळतां येण्यासारख्या मतिमंदत्वाच्या कारणांत जगांत आयोडीनच्या उणिवेचा क्रम फार वरचा आहे.

नाहूरच्या रहिवाशांस ही गोष्ट दूरची वाटूं नये. आपल्या पूर्वेस, महामार्गाच्या पलीकडे, खाडीपर्यंत मिठागरांची जमीन पसरली आहे. एके काळीं भरतीचें पाणी पाटांनीं या वाफ्यांत घेत, तें उन्हानें आटे, आणि पावसाळ्यापूर्वीं पांढऱ्या शुभ्र राशी उभ्या राहत. त्या राशींमागें किती आगरी बंधुभगिनींचा घाम असे, हें या भागांतील जुनीं माणसें जाणतात. आज त्यांतील बरीच जमीन ओसाड आहे, आणि कांजूर, भांडुप व मुलुंड येथील अडीचशेंहून अधिक एकर जमीन घरबांधणीसाठीं देण्याचें २०२४ सालीं ठरलें. तो वाद निराळा. आमच्या विषयापुरता प्रश्न असा : समुद्रांत आयोडीन असतें, समुद्राच्या शेवाळांतूनच १८११ सालीं तें प्रथम सांपडलें, मग समुद्राच्या मिठांत तें असणारच ना? पुष्कळ सुशिक्षित माणसें असें समजतात. पण तें खरें नाहीं. मीठ स्फटिकरूपानें खालीं बसतें तेव्हां आयोडीन त्यांत फारसें शिरत नाहीं. तें मागें उरलेल्या कडू पाण्यांत राहतें. म्हणून मिठागराच्या दारांत राहणारासही आयोडीन हवें असेल तर मिठांत तें मागाहून मिसळावें लागतें. पोटॅशियम आयोडेटचें पाणी मिठावर फवारून तें मिसळतात. मासळी खाणारांस थोडें मासळींतून मिळतें. बाकीच्यांची मुख्य भिस्त या मिठावरच.

हें मीठ खरोखर उपयोगी पडतें याचा पुरावा आपल्याच देशांत मिळाला. आज हिमाचल प्रदेशांत असलेल्या कांगडा खोऱ्यांत गलगंडाचा मोठा सुळसुळाट होता. डोंगरांतील माती पावसानें व बर्फानें धुतली जाऊन तिच्यांत आयोडीन उरलेलें नव्हतें. १९५६ सालीं डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ पुरविलें, तिसऱ्यांत साधें. कांहीं वर्षांत पहिल्या दोन विभागांतील गलगंड झपाट्यानें उतरला, तिसऱ्यांतील तसाच राहिला. मग तिसऱ्यासही तेंच मीठ दिलें, तेव्हां तेथेंही तो उतरला. ज्या मुलांस तोंवर साधें मीठ मिळालें त्यांच्या आयांस आपण काय सांगितलें असतें, हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं. तथापि त्या प्रयोगावांचून सरकारही हललें नसतें. १९६२ सालीं राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६ पासून आयोडीनरहित मीठ खाण्यासाठीं विकण्यास देशभर बंदी आहे. तरीही २०१८–१९ च्या राष्ट्रीय पाहणींत सुमारें ७६ टक्के घरांतील मिठांतच पुरेसें आयोडीन आढळलें. म्हणजे चारांतील एका घरीं तें नव्हतें.

त्या चौथ्या घरांत केवळ गरीब, खेडवळ माणसें असतात असें कोणी समजूं नये. अलीकडे शिकलेल्या घरांतून गुलाबी मीठ, काळें मीठ, ‘नैसर्गिक’ खडेमीठ यांची आवड फार वाढली आहे. वर्णानें सुंदर, भावानें महाग, आणि त्यांत आयोडीन मिसळलेलें नसेल तर या कामीं निरुपयोगी. हौस म्हणून ताकांत चिमूटभर टाकावें. पण ज्या घरांत गर्भवती स्त्री किंवा लहान मूल आहे तेथें रोजच्या डाळभाजींत तेंच वापरणें आम्हांस चुकीचें वाटतें. ख्रिस्ती वाचकांस मीठ म्हटलें कीं डोंगरावरील प्रवचनांतला दृष्टांत आठवेल. पण येथें आम्ही दृष्टांत सांगत नाहीं, स्वयंपाकघरांतील बरणीविषयीं बोलत आहों. बरणीचें झांकण घट्ट असावें, ती शेगडीशेजारीं ठेवूं नये, मीठ भाजी शिजत आल्यावर घालावें. ओलाव्यानें व आंचेनें आयोडीन उडतें. आयोडीनसाठीं मीठ अधिक खावें, असा मात्र याचा अर्थ नाहीं. रक्तदाबाचें दुखणें घरोघरीं आहेच.

आणखी एक गोष्ट तरुण आईबापांसाठीं. आपल्या देशांत जन्मणाऱ्या सुमारें हजार बालकांत एकाची अवटु ग्रंथि जन्मतःच अपुरी असते. आईनें मीठ कसेंही खाल्लें तरी. असें बालक पहिल्या आठवड्यांत इतरांसारखेंच दिसतें; किंबहुना रडत नाहीं, पुष्कळ झोंपतें, म्हणून घरांत त्याचें कौतुकच होतें. जन्मानंतर तीन-चार दिवसांनीं त्याच्या टांचेंतून रक्ताचे चार थेंब घेऊन तपासले तर दोष कळतो. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल सर्वसाधारण बुद्धीचें वाढतें. महिन्यांमागून महिने गेले तर जें जातें तें परत येत नाहीं. ही तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहांत आपोआप होते असें नाहीं. तेव्हां ती मागून घ्यावी. बारशाच्या खर्चाच्या मानानें तिचा खर्च थोडा असतो.

या वर्षीं विज्ञानाच्या तासाला आठवीच्या मुलांनीं आपापल्या घरचें मीठ पुडींत बांधून आणलें होतें. बाजारांत या तपासणीसाठीं एक लहान कुपी मिळते. तिच्यांतील पाण्याचा थेंब मिठावर टाकला असतां आयोडीन असेल तर मीठ निळें-जांभळें होतें. बाकावर ओळीनें पुड्या उघडल्या आणि थेंब पडूं लागले. बहुतेक पुड्या निळ्या झाल्या. मुलें प्रत्येक निळ्या पुडीला टाळ्या देत होतीं. चार-दोन फिकट राहिल्या, आणि शेवटची, सुरेख गुलाबी मिठाची, मुळींच बदलली नाहीं. “ही कोणाची?” असें एका मुलानें मोठ्यानें विचारलें. ती आमच्या घरून आणलेली होती. संध्याकाळीं घरीं परततांना आम्हीं स्थानकाजवळच्या दुकानांतून साध्या मिठाची एक पिशवी घेतली.